येडी गाय येती

ज्यांच्या डोक्याला भोक पाडायचं ठरलं आहे, त्यांना आधी एक चांगली बातमी देतो. मला दुखलं नाही. वाईट बातमी अशी की ते भोक पडेपर्यंत सहा आठवडे माझं जे काय चाललं होतं, त्याला सगळे हसत होते, आणि सगळ्यांत जास्त खूश मीच होतो.

मी माधव. म्हैसूरच्या शिंप्याचा मुलगा. आमचं घराणं इथे किती पिढ्यांपूर्वी आलं ते कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. वडिलांच्या मते देवाने माणसाला पाय दिले ते शिलाई मशीन चालवायला. माझा डावा पाय मात्र मशीनपेक्षा चेंडूवर बरा चालला. त्या एका पायासाठी मेटगळ्ळीच्या एका कारखान्याने मला नोकरीत घेतलं. त्यांच्या संघातून खेळलो, राज्याकडून खेळलो, मग गोव्यातल्या एका क्लबने करारावर नेलं आणि चार हंगाम मी फुटबॉलवर पोट भरलं. नंतर गुडघ्याने राजीनामा दिला. परत येऊन त्याच कारखान्याच्या संघाचा प्रशिक्षक झालो आणि पुढे मॅनेजर. मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, डावपेच ठरवणारा आणि हरल्यावर लोकांच्या शिव्या खाणारा. ही तिन्ही कामं मला मनापासून आवडतात.

आजारपणात मला मरणाची भीती वाटली का, असं लोक विचारतात. खोटं कशाला सांगू, भीती वाटायला जेवढी अक्कल लागते तेवढी तेव्हा जाग्यावर नव्हती. भीती वाटली ती बरं होऊ लागल्यावर, आणि एकाच गोष्टीची. मैदानाच्या कडेला उभा राहून मी जे ओरडेन ते पुन्हा कुणी खरं मानेल का?

खांब

सुरुवात एका खांबापासून झाली. आमच्या बचाव फळीतल्या एका पोराला हेडर मारता येत नव्हता. बावन्न वर्षांच्या माणसाने अशा वेळी तोंडी सांगावं. मी करून दाखवायला गेलो. चेंडू बाहेर गेला, मी गोलच्या खांबात गेलो.

पोरं धावली. मी उठलो, छातीवर हात ठेवला, कमरेत वाकून मुजरा केला आणि पौराणिक नाटकातल्या राजासारखं म्हणालो, "हे खांबा, तू वाचलास!" टाळ्या पडल्या. टेंगूळ आलं, बर्फ लावला, चार दिवसांत ते गेलं. मी खांब विसरलो.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की त्या दिवसापासून कवटीच्या आत, मेंदूच्या वर, थेंबथेंब रक्त साचत होतं. घाई नाही, गडबड नाही. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: टेंगूळ जातं तेव्हा ते बाहेरूनच गेलेलं असतं.

सगळे हसले

तीन-चार आठवड्यांनी मी एका सामन्यासाठी संघाची यादी लिहिली. यादीत बारा नावं होती. बारावं नाव शिवण्णाचं, तेही आघाडीच्या फळीत.

शिवण्णा म्हणजे माझा सहप्रशिक्षक. एके काळचा आमचा गोलकीपर, तीस वर्षांचा सोबती, जन्मजात भांडखोर. त्याचं वजन आणि वय दोन्ही सांगण्यासारखं नाही. त्याला आघाडीला खेळवायचं म्हणजे विनोदच. पोरं पोट धरून हसली. ती हसताहेत हे मी पाहिलं आणि मुजरा केला.

हीच तर गोम होती. मी आयुष्यभर नकला केल्या, सोंगं आणली, पंचांची चाल, कारखान्याच्या साहेबांचं खोकणं, सगळं. त्यामुळे मी चुकलो की लोकांना वाटायचं, नवीन नक्कल आली. आणि हशा ऐकला की मलाही वाटायचं, आपण विनोद केला असावा. कंगवा मागताना चमचा मागितला, सगळे हसले. दूधवाल्याला "रेफरी, आज अर्धा लिटर" म्हणालो, तोही हसला. उजवा पाय घसटत होता, पण माझा उजवा पाय तसाही जन्मभर फक्त उभं राहायला होता. त्याच्याकडे कोण बघणार?

डोकं दुखायचं, तर ते मॅनेजर झाल्यापासून दुखतच होतं.

सासूबाई

माझी बायको सुनंदा कोल्हापूरची. कोल्हापूरच्या बाईला फुटबॉल शिकवावा लागत नाही, पण कन्नड शिकवावं लागतं. लग्नानंतर ती पहिल्यांदा माझा सामना बघायला आली, तेव्हा आमचे पाठीराखे ओरडत होते, "येडक्के! येडक्के!" कन्नडमध्ये 'येड' म्हणजे डावी बाजू. डावीकडे, माझ्याकडे, चेंडू द्या असं ते ओरडत होते. सुनंदाने पदर खोचला आणि शेजारच्या माणसाला मराठीत विचारलं, "कुणाला येडं म्हणतोस रं?" त्या गृहस्थाने नंतर आमच्या बाजूला बसणं सोडलं.

तर रोगाचं निदान झालं तो दिवस. मला त्या सकाळचं काही आठवत नाही. जे लिहितो ते सुनंदाने सांगितलेलं आहे, आणि ती दर वेळी थोडं वेगळं सांगते.

सकाळी आमच्या हिनकलच्या घरी शिवण्णा मला न्यायला आला होता. सुनंदा कॉफी घेऊन आली. मी तिच्याकडे बोट दाखवून शिवण्णाला विचारलं, "ह्या बाई कोण?"

आता हा माझा जुना विनोद. लग्नाकार्यात मी तो पन्नास वेळा केलेला. सुनंदाचं उत्तरही ठरलेलं. ती म्हणाली, "मी तुमची सासू. ओळखलं नाही व्हय?"

मी उठलो, गंभीरपणे पुढे गेलो आणि वाकून तिच्या पायांना हात लावला.

शिवण्णा हसत होता. सुनंदाही हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी वाकलेला आहे तो वर येत नाही. तिने खाली बसून माझं तोंड वर केलं. ती म्हणते, "चेहरा अगदी साधा होता. सोंग करताना तुमच्या नाकपुड्या हलतात. त्या हलत नव्हत्या."

तेवीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या नाकपुड्या बघून ठेवल्या होत्या. म्हणून मी आज आहे.

गाय

इस्पितळातलं मला थोडं आठवतं, आणि जे आठवतं ते असं आहे.

एक तरुण डॉक्टरीणबाई समोर उभ्या होत्या. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "सर, येडगै एत्ति." म्हणजे, डावा हात उचला. म्हैसुरात जन्मलेल्या माणसाला हे कळायला हवं. मी कन्नडमध्ये शिकलो, कन्नडमध्ये खेळलो, कन्नडमध्ये इतकी वर्षं पोरांवर खेकसलो. पण त्या दिवशी माझ्या कानात फक्त घरची मराठी जागी होती. मी स्वच्छ ऐकलं ते असं: येडी गाय येती.

मी दाराकडे पाहिलं. गाय दिसली नाही.

बाईंनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. येडी गाय येती! मी सुनंदाचा हात धरला आणि म्हणालो, "तू मागे हो. मी बघतो तिच्याकडे."

"कुणाकडे बघताय?" सुनंदा म्हणाली.

"गाईकडे. येडी आहे म्हणतात. येतेय."

त्यावर म्हणे शिवण्णा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तो हसत होता की रडत होता हे त्याने आजवर सांगितलेलं नाही.

शेवटी सुनंदाने माझे दोन्ही हात स्वतः वर उचलले आणि सोडले. डावा वर राहिला. उजवा हळूहळू, मावळत्या सूर्यासारखा, खाली आला. मला ते फार सुंदर वाटलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं नसावं. तासाभरात माझ्या डोक्याचा फोटो निघाला आणि संध्याकाळच्या आत मला ऑपरेशनला नेलं.

फोटोत डावीकडे रक्ताचा साठा होता. कन्नड येडी बाजू. नुसतंच येडी म्हटलं तरी चाललं असतं.

दुभाषी

शुद्धीवर आलो तेव्हा अर्धं डोकं भादरलेलं होतं, एक नळी कवटीतून निघून बाटलीत गेलेली होती आणि कन्नड गायब होतं.

हे कसं समजावून सांगू? शब्द ऐकू येत होते, पण त्यांचा अर्थ मराठीतूनच शोधला जात होता. नर्स ताटली घेऊन आली आणि प्रेमाने म्हणाली, "ऊटा माडि." म्हणजे, जेवा. मी ऐकलं, "ऊठ." आज्ञाधारकपणे उठायला लागलो, नळी ताणली गेली. ती किंचाळली, "मलगि! मलगि!" म्हणजे, आडवे व्हा. मी ऐकलं, मुलगी. मी नम्रपणे सांगितलं, "मुलगी नाही हो, एक मुलगाच आहे. पुण्याला असतो."

तेव्हापासून सुनंदा खुर्ची ओढून उशाशी बसली आणि दुभाषी झाली. तेवीस वर्षं तिच्या कन्नडची मी टिंगल केली होती. भाजीवालीशी ती कशी बोलते याची नक्कल तर माझा हुकमी खेळ होता. आता तेच मोडकं कन्नड माझ्या आणि जगाच्या मध्ये उभं होतं. डॉक्टर दहा वाक्यं बोलायचे, सुनंदा एक सांगायची.

"काय म्हणाले?"

"बरं चाललंय म्हणत्यात."

"एवढं बोलले त्याचं एवढंच?"

"बाकीचं मला कळलं नाही. पण तोंड हसरं होतं."

नातलगांसाठी सांगतो. रोग्याला एवढं भाषांतर पुरतं.

शिवण्णाची वेगळीच अडचण. त्याला मराठी येत होती, पण ती मीच शिकवलेली, आणि मी त्याला फक्त शिव्या शिकवल्या होत्या. अतिदक्षता विभागात त्याला पाच मिनिटं सोडलं. हा एवढा धिप्पाड माणूस पायाशी उभा राहिला, माझा डावा पाय चादरीवरून धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "काय मेल्या? नालायका? बरा का, गाढवा?"

शेजारच्या खाटेवर कुणी मराठी नव्हतं हे बरं. मला मात्र त्या दिवसांत याच्याइतकं गोड कुणी बोललं नाही.

रात्री-दिवसाचा हिशेब नव्हता. खिडकीत उजेड असला की भीती कमी वाटायची, एवढंच कळायचं. डॉक्टर म्हणाले होते, कन्नड येईल, हळूहळू येईल. मी पडल्या पडल्या मैदान डोळ्यांसमोर आणायचो. पोरं पळताहेत, मी कडेला उभा आहे, तोंड उघडतो, आणि बाहेर पडते ती शिंप्याच्या घरातली मराठी. सगळी पोरं थांबून माझ्याकडे बघतात. कन्नड आलंच नाही तर मी कुणाचा प्रशिक्षक?

पाचव्या की सहाव्या सकाळी इडली आली. नर्स सांबार वाढत होती, वाढतच होती, वाटी भरून वाहायला आली आणि मी ओरडलो, "साकु! साकु!"

साकु म्हणजे पुरे. कन्नड.

सुनंदा उभी राहिली. नर्स पळी हातात धरून तशीच उभी. मी स्वतःच चकित. सुनंदाने नर्सला मिठी मारली, सांबार दोघींच्या अंगावर. नंतर भाषा परत आली ती एकदम नाही, सामना सुटल्यावर फाटकातून प्रेक्षक बाहेर पडावेत तशी, ढकलाढकली करत, काही शब्द एकमेकांच्या चपला घालून. पण आली.

शिवण्णाचा गुन्हा

इस्पितळातल्या शेवटच्या रविवारी डॉक्टरीणबाई टाके बघायला आल्या. मी फुशारकी मारली. म्हणालो, "बाई, डोक्यात एवढं रक्त असताना माझ्या संघाने तीनपैकी दोन सामने जिंकले. पूर्ण डोकं असतं तर काय झालं असतं, विचार करा."

त्या हसल्या आणि गेल्या. शिवण्णा खिडकीशी संत्रं सोलत होता. त्याचा हात थांबला.

"माधू," तो कन्नडमध्ये म्हणाला. आता मला कळत होतं. "एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"तू डावीकडे ओरडायचास ना, तेव्हा मी तुझ्या मागे उभा राहून पोरांना हाताने उजवीकडे दाखवायचो."

"म्हणजे?"

"तू उलटं सांगत होतास. सतत नाही. कधी बरोबर, कधी उलटं. मग मी पोरांना सांगून ठेवलं, सरांचं ऐकल्यासारखं करा आणि माझा हात बघा."

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

तो संत्र्याकडे बघत म्हणाला, "वाटलं, घरी काही कटकट असेल. मग वाटलं, वय झालं असेल. मग वाटलं, सगळ्यांसमोर तुझी शोभा कशाला?"

मी सुनंदाकडे वळलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला काय बघताय? महिनाभर मी पण तुमच्या शर्टाची बटणं सारखी करत होते. वरचं खाली लावून यायचात. म्हटलं, तंद्रीत असतील."

ज्यांच्या घरात कुणाचं असं चाललं असेल त्यांनी हे दोनदा वाचावं. माझ्यावर जीव असलेल्या दोन माणसांनी मला प्रेमाने झाकून ठेवलं, आणि त्या झाकणाखाली रक्त साचत राहिलं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, वर मुजरा केला असता.

पण माझ्या मनात त्या वेळी हे मोठे विचार नव्हते. मला राग आला होता तो त्या दोन विजयांचा. ते माझे नव्हते. मी कडेला उभा राहून हातवारे करत होतो आणि संघ माझ्या पाठीमागे बघत होता. मी नसतो तरी चाललं असतं. किंबहुना मी होतो तरी चाललं, हे जास्त लागलं.

पेटा

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी कारखान्याचे लोक सत्काराला आले. शाल, चंदनाचा हार, फळांची करंडी आणि म्हैसूरचा जरीचा पेटा, म्हणजे तयार बांधलेली पगडी. म्हैसुरात जिवंत माणसासाठी कुणी पेटा घेऊन आलं की समजावं, त्याचं काम संपलं असं ठरलं आहे.

टाक्यांमुळे पेटा डोक्याला लावता येईना. शेवटी क्रीडा अधिकाऱ्यांनी तो दोन इंच वर हवेत धरला आणि फोटो काढला. त्या फोटोत माझ्यावर जरीची एक छोटी तबकडी उतरते आहे असं दिसतं.

मग अधिकारी गोड आवाजात म्हणाले, "सर, आता तुम्ही आमचे सल्लागार. खुर्ची देतो, खोली देतो. धावपळ शिवण्णा करतील." आणि एक पत्र पुढे केलं.

पत्रात वाईट काही नव्हतं. म्हणूनच ते भयंकर होतं.

मी विचारलं, "हंगामाचा शेवटचा सामना राहिलाय ना? तो मला द्या. डॉक्टरांनी कडेला उभं राहायची परवानगी दिली तर. त्या सामन्यानंतर मलाच वाटलं की मी शोभेचा आहे, तर मी स्वतः सही करीन."

ते एकमेकांकडे बघत राहिले आणि "हो" म्हणाले. सल्लागाराचा पहिला सल्ला मोडवला नसेल.

आग्ली, सर

सरावाला गेलो. पोरं रांगेत उभी राहून एकेक जण पाया पडली. मी ओरडलो की पळायची, थांब म्हटलं की थांबायची. कुणी कुरकुरलं नाही. कुणाचा चेंडू माझ्याकडे आला तर तो हळूच, फुलासारखा यायचा. आणि शिवण्णा मला "सर" म्हणायला लागला. तीस वर्षांत त्याने मला माधू, मेल्या आणि छापता न येणाऱ्या चार नावांशिवाय हाक मारली नव्हती.

मला संशय आला. मी डावीकडे म्हणालो की पटकन मागे वळून बघायचो. शिवण्णाचे दोन्ही हात खिशात. तरी समाधान होईना. मी बरोबर सांगतोय म्हणून पोरं तिकडे जाताहेत, की मी चुकलो तरी जातील असं ठरलंय, की खिशातल्या खिशात काही चाललंय? स्वतःच्याच डोक्याची साक्ष काढायची तर दुसरं डोकं आणायचं कुठून?

एके सकाळी मी सापळा लावला. शिवण्णाला बाजूला घेऊन म्हणालो, "पुढच्या सामन्यात आपण बारा जण खेळवू. एक जास्त असलेला बरा."

बारा! फुटबॉलमध्ये! पूर्वीचा शिवण्णा असता तर त्याने पाण्याची बाटली माझ्या अंगावर ओतली असती. त्याने माझ्या टाक्यांकडे एकदा पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "आग्ली, सर." म्हणजे, होऊ दे.

मी त्या दिवशी सराव अर्धा सोडून घरी आलो. सुनंदाला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "मी सही करून टाकतो."

ती म्हणाली, "तुम्हाला वाटेल तसं करा."

"अगं, तू तरी नाही म्हण! भांड की माझ्याशी!"

"कशाला चिडताय? तुम्ही म्हणाल तसं."

कोल्हापूरची बाई "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते, तेव्हा माणूस किती आजारी समजला जातोय हे वेगळं विचारावं लागत नाही.

पंचाहत्तरावं मिनिट

शेवटचा सामना बेंगळुरूच्या एका संघाशी. पंचाहत्तर मिनिटं झाली होती आणि आम्ही एका गोलने पुढे होतो. आमचा कप्तान लोकेश बचाव सांभाळत होता, पण दमला होता, पाय जड पडत होते. मला वाटलं, त्याला काढावं, त्याच्या जागी ताज्या दमाचा आघाडीचा खेळाडू आणावा आणि दुसरा गोल मारून विषय संपवावा. हे माझं जुनं खूळ. डाव्या बाजूला खेळलेल्या माणसाला बचाव हा वेळेचा अपव्यय वाटतो.

मी शिवण्णाला म्हणालो, "लोकेश बाहेर. आघाडीला नवा माणूस आत."

त्याने बदली खेळाडूची चिठ्ठी घेतली. पेन काढलं. "आग्ली..." म्हणाला आणि थांबला. मैदानाकडे पाहिलं. पुन्हा चिठ्ठीकडे. त्याच्या मानेची शीर फुगली. ती शीर मी तीन महिन्यांत पाहिली नव्हती.

मग त्याने पेन गवतावर आपटलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "निंगे तले इद्या?"

डोकं आहे का तुला?

बाकावरची पोरं गारठली. एकाने पाण्याची बाटली तोंडाला लावली होती, ती तशीच राहिली, पाणी मानेवरून वाहत गेलं. शिवण्णाच्याही लक्षात आलं की आपण कुणाला काय विचारलं, पण आता त्याला थांबवणं ब्रह्मदेवाच्या हातातही नव्हतं. "लोकेशला काढलास तर डावीकडे एवढं मोठं भोक पडेल! बैल जाईल त्यातून!"

आणि माझं तोंड उघडलं. मी ठरवून उघडलं नाही. "भोक माझ्या डोक्यात पडलंय, बचावात नाही! चिठ्ठी लिही!"

"नाही लिहीत!"

"मॅनेजर मी आहे!"

"म्हणूनच मला टक्कल पडलंय!"

हे सगळं कन्नडमध्ये, धडाधड, एकही शब्द शोधावा न लागता. पुढचं अर्धं मिनिट आम्ही जे बोललो ते इथे देता येत नाही. रेफरी पळत आला आणि दोघांना ताकीद दिली. तेवढ्यात वरून, प्रेक्षकांतून, एक खणखणीत कोल्हापुरी आवाज आला, "अहो, लोकेशला काढू नका! खुळं का काय तुम्ही?"

मी चिठ्ठी स्वतः लिहिली. नाव नीट लिहिलं, अंक नीट लिहिला, लोकेशला बाहेर घेतलं. तो जाताना माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. आशीर्वाद नव्हता.

शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्या संघाने गोल केला. सामना बरोबरीत सुटला. फाटकाबाहेर आमचेच पाठीराखे माझी वाट बघत होते आणि त्यांनी मला जे सुनावलं ते मी छाती पुढे काढून ऐकलं.

सल्लागारपदाचं पत्र दुसऱ्या दिवशी सही न करता परत पाठवलं.

तो गोल माझ्या बदलामुळे बसला असं शिवण्णा म्हणतो. मी म्हणतो गोलकीपर झोपला होता. सुनंदा शिवण्णाच्या बाजूने आहे. काल जयलक्ष्मीपुरममध्ये कॉफी प्यायला बसलो होतो, तो विषय पुन्हा निघाला आणि शिवण्णा अर्धा पेला तसाच ठेवून उठून गेला. उद्या सकाळी सहाला सराव आहे. तो येईल, पण माझ्याशी बोलणार नाही.

फार बरं वाटतंय.